टर्मिनल मल्टिप्लेक्सर : स्थितिपट्टी व तीवरील दर्शके

टर्मिनल मल्टिप्लेक्सर : एकाच टर्मिनलाच्या पडद्यावरून अनेक स्वतंत्र कामे चालविण्याची, तसेच वापरणाऱ्याची जोडणी तुटली तरी ती कामे दूरच्या संगणकावर चालू ठेवण्याची सोय करणाऱ्या आज्ञावलीस टर्मिनल मल्टिप्लेक्सर म्हणतात. ग्नू स्क्रीन व टीमक्स या अशा प्रकारच्या दोन प्रमुख आज्ञावली होत. पडद्याच्या तळाशी एका ओळीची जी जागा ही आज्ञावली स्वतःसाठी राखून ठेवते, तिला स्थितिपट्टी म्हणतात. पडद्यावर एका वेळी एकच खिडकी दिसते, बाकीच्या झाकलेल्या असतात. त्यांत काय चालले आहे याची बातमी या पट्टीवरील अंक, नावे व चिन्हे यांवरूनच मिळते.

पट्टीचे महत्त्व दूरच्या संगणकावर काम करताना विशेष जाणवते. जळगाव शहरालगत असलेल्या, कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या असोदा या गावी बसून पुण्यातील एखाद्या संस्थेच्या सर्व्हरवर गणित चालविणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याचे उदाहरण घेता येईल. त्याच्या घरातील संगणक फक्त कळफलकाचे व पडद्याचे काम करतो, आज्ञा पाळल्या जातात त्या पुण्यात. गावातील वीज गेली किंवा जोडणी तुटली, की साध्या पद्धतीत पुण्यातील यंत्राला टर्मिनल तुटल्याचा संकेत मिळतो आणि त्या टर्मिनलावर चालू असलेले काम बहुधा तेथेच संपते. रात्रभर चाललेले गणित पहाटे अशा रीतीने वाया जाणे ही नवशिक्याच्या दृष्टीने नेहमीची आपत्ती होय. मल्टिप्लेक्सरमध्ये मात्र कामाचा खरा धनी सर्व्हरवरच राहणारी एक स्वतंत्र प्रक्रिया असते. घरातील टर्मिनल तिला केवळ जोडले जाते, सुटते व पुन्हा जोडले जाते. सुटण्याने काम थांबत नाही. पुढील काही तासांत काय घडले हे पुन्हा जोडून घेताच कळावे, यासाठी पट्टीवरील खुणा नीट वाचता येणे आवश्यक असते. चुकीच्या वाचनाने चालू काम मारले जाण्याचे, किंवा एका यंत्रासाठी असलेली आज्ञा दुसऱ्याच यंत्रावर जाण्याचे प्रकार घडू शकतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : स्थितिदर्शनाची कल्पना मल्टिप्लेक्सरहून जुनी आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलाच्या कळफलकावर लहान दिवे बसविलेले होते. टर्मिनल जोडलेले आहे की सुटे आहे, कळफलक अडविला गेला आहे काय, हे त्यांवरून समजे. शिवाय चार दिवे आज्ञावलीच्या इच्छेनुसार लावता येत. आयबीएम कंपनीच्या ३२७० या कुलातील टर्मिनलांवरही प्रथम दिवेच होते. पुढे याच कुलातील ३२७८ या प्रकारात मजकुराच्या खाली चालकासाठी एक वेगळी ओळ आली आणि यंत्र उत्तर तयार करीत असताना तीवर फुलीचे चिन्ह उमटू लागले. डिजिटल कंपनीच्या व्हीटी-३२० (१९८७) या टर्मिनलात नेहमीच्या २४ ओळींखाली पंचविसावी ओळ केवळ स्थितिदर्शनासाठी दिलेली होती. ग्नू स्क्रीनमध्ये या पट्टीला आजही ‘हार्डस्टेटस’ हे नाव आहे, ते अशाच यंत्रगत ओळीवरून पडले.

स्क्रीन ही आज्ञावली बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात ओलिव्हर लाउमान यांनी १९८७ मध्ये तयार केली. कार्स्टन बोरमान हे त्यांचे सहकारी होते. निकोलस मॅरिअट यांनी २००७ मध्ये टीमक्सचे लेखन सुरू केले व २००९ मध्ये ओपनबीएसडी या परिचालन प्रणालीने तिचा आपल्या मूळ संचात समावेश केला. त्याच वर्षी डस्टिन कर्कलंड यांनी उबुंटू प्रणालीसाठी ब्योबू ही आज्ञावली पुढे आणली. ब्योबू या जपानी शब्दाचा अर्थ नक्षीदार घडीचा पडदा असा आहे. ती स्वतः मल्टिप्लेक्सर नसून वरील दोहोंपैकी एकावर चढविलेला साज आहे आणि तिचा सारा भर स्थितिपट्टीवरच आहे.

पट्टीची रचना : टीमक्समध्ये सत्र, खिडकी व तावदान अशी तीन पायऱ्यांची मांडणी असते. एका सत्रात अनेक खिडक्या असतात आणि एक खिडकी उभ्या-आडव्या रेषांनी अनेक तावदानांत विभागता येते. मूळ रचनेतील पट्टी हिरव्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांची असते. तिच्या डाव्या टोकाला चौकटी कंसात सत्राचे नाव, त्यापुढे खिडक्यांची यादी, आणि उजव्या टोकाला अवतरणचिन्हांत तावदानाचे शीर्षक (बहुधा यंत्राचे नाव), वेळ व तारीख असा क्रम असतो. सत्राला नाव दिले नाही तर शून्यापासून अंक मिळतो. खिडक्यांची गणतीही शून्यापासूनच होते. त्यामुळे कंसातील शून्य व यादीतील शून्य यांत नवशिक्यांचा घोटाळा होतो. पहिला अंक सत्राचा व दुसरा खिडकीचा. मधली एखादी खिडकी बंद केल्यास उरलेल्या खिडक्यांचे क्रमांक आपोआप बदलत नाहीत. तेव्हा यादीत शून्य, एक व तीन असे अंक दिसले तर काही बिघडले असे समजू नये.

खिडकीचे नाव वापरणाऱ्याने दिले नसेल, तर तिच्या सक्रिय तावदानात चालू असलेल्या आज्ञावलीचे नाव तेथे येते. ही सोय उपयुक्त असली तरी तिची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. एका खिडकीतून तिसऱ्याच यंत्रावर सुरक्षित जोडणीने प्रवेश केला, तर तेथे ‘एसएसएच’ एवढेच दिसते. पलीकडे कोणते यंत्र आहे आणि त्यावर काय चालले आहे, हे टीमक्सला ठाऊक नसते. अशा तीन खिडक्या उघड्या असतील तर तिन्हींचे नाव एकच दिसते. अनुभवी माणसे म्हणूनच खिडकीला प्रथम स्वतःचे नाव देतात व मग काम सुरू करतात.

खिडक्यांची चिन्हे : खिडकीच्या नावाला लागून येणारी चिन्हे हा पट्टीचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. तारका (*) असलेली खिडकी सध्या डोळ्यांसमोर असते. आडवी रेघ (-) असलेली खिडकी याआधी पाहिलेली असते आणि एका कळीने तिच्याकडे परतता येते. चौकटीचे चिन्ह (#) त्या खिडकीत नवे प्रदान उमटल्याचे सांगते. उद्गारचिन्ह (!) तेथे घंटा वाजल्याचे, म्हणजे आज्ञावलीने आस्की संकेतावलीतील सातव्या क्रमांकाचा संकेत पाठविल्याचे दर्शविते. नागमोडी रेघ (~) ठरवून दिलेल्या सेकंदांत त्या खिडकीत काहीच उमटले नाही असे सांगते. रोमन लिपीतील ‘झेड’ हे अक्षर आले, तर खिडकीतील एक तावदान मोठे करून बाकीची त्यामागे झाकलेली आहेत असे समजावे. ‘एम’ हे अक्षर खूण केलेले तावदान त्या खिडकीत असल्याचे सांगते. नित्याच्या कामात ते क्वचितच दिसते. चौकट, उद्गारचिन्ह व नागमोडी रेघ ज्या खिडकीला लागतात, तिचे नाव मूळ रचनेत उलट्या रंगांतही दिसते.

यांपैकी चौकट, उद्गारचिन्ह व नागमोडी रेघ ही तीन चिन्हे एका अर्थाने निरोप आहेत. त्या खिडकीत गेले की निरोप पोचला असे मानून चिन्ह पुसले जाते. त्यामुळे घाईने खिडक्या चाळणाऱ्याच्या हातून निरोप न वाचताच पुसला जाण्याचा संभव असतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की चिन्ह नसणे हा पुरावा नव्हे. टीमक्सच्या मूळ रचनेत घंटेवरील पाळत चालू असते. परंतु प्रदानावरील पाळत बंद असते आणि शांततेवरील पाळतीचा अवधी शून्य, म्हणजे तीही बंद असते. वापरणाऱ्याने ती स्वतः चालू केलेली नसेल, तर एखाद्या खिडकीत शेकडो ओळी वाहून गेल्या तरी तिच्या नावापुढे काहीही उमटत नाही. रेल्वेच्या दुहेरी मार्गावरील ब्लॉक यंत्राशी तुलना केल्यास हा दोष स्पष्ट होतो. त्या यंत्राची सुई ‘मार्ग बंद’, ‘मार्ग मोकळा’ व ‘गाडी मार्गावर’ या तीनपैकी एक स्थिती नेहमी दाखविते. काहीच न दाखविणे ही त्यात सुरक्षित स्थिती मानलेली नाही. स्थितिपट्टीवर मात्र ‘काही घडले नाही’ आणि ‘कोणी पाहतच नव्हते’ या दोन्हींचे रूप एकच, म्हणजे कोरी जागा, असते. लांबलचक काम सुरू करताना आज्ञेच्या शेवटी घंटेचा संकेत जोडून देणे हा यावरचा सोपा व विश्वसनीय उपाय आहे. काम यशस्वी होवो वा फसो, संपताच घंटा वाजेल अशी जोडणी करावी. म्हणजे दुसऱ्या खिडकीत काम करीत असताना उद्गारचिन्ह दिसले की निकाल पाहता येतो.

ग्नू स्क्रीनची चिन्हे टीमक्सशी पूर्णपणे जुळत नाहीत. तारका, आडवी रेघ व उद्गारचिन्ह यांचे अर्थ दोन्हींत तेच आहेत; परंतु पाळतीवरील खिडकीत प्रदान आल्यास स्क्रीनमध्ये चौकटीऐवजी @ हे चिन्ह लागते, दुसरा कोणी वापरणारा त्या खिडकीत असल्यास & लागते आणि प्रदानाची नोंद धारिकेत होत असल्यास कंसात ‘एल’ हे अक्षर येते. सर्वांत फसवे अक्षर ‘झेड’ होय. टीमक्समध्ये ते मोठ्या केलेल्या तावदानाची निरुपद्रवी खूण आहे. स्क्रीनमध्ये मात्र खिडकीतील आज्ञावली संपली असून केवळ तिचे शेवटचे चित्र राखून ठेवले आहे, अशा मृत खिडकीची ती खूण आहे. एका आज्ञावलीची सवय असलेल्याने दुसरी वापरताना हा फरक ध्यानात ठेवणे इष्ट. शिवाय स्क्रीन मूळ रचनेत कायमची पट्टी दाखवीतच नाही. ती मांडणीच्या धारिकेत मागून घ्यावी लागते.

घड्याळ : उजव्या टोकाचे घड्याळ हे शोभेचे समजून पुष्कळजण ते काढून टाकतात. वास्तविक पट्टीवरील ते सर्वांत बोलके दर्शक आहे. जोडणी अचानक तुटते तेव्हा पडदा कोरा होत नाही. शेवटचे चित्र, पट्टीसकट, जसेच्या तसे राहते. हिरवी पट्टी दिसते म्हणून जोडणी आहे असे मानणे चूक ठरते. खोली अंधारी झाली तरी भिंतीवरचे बंद घड्याळ वेळ दाखवीतच असते, तसाच हा प्रकार. मिनिटाचा आकडा पुढे सरकतो की नाही, एवढे पाहिले की निर्णय होतो. घड्याळ थांबले असेल तर दोष जोडणीत आहे. घड्याळ चालू असून तावदान मात्र निश्चल असेल तर जोडणी ठीक आहे आणि कारण तावदानात शोधावे : आज्ञावली गणितात गुंतलेली असेल, किंवा चुकून कंट्रोल व एस या कळी एकदम दाबल्या गेल्याने त्या तावदानाचे प्रदान रोखले गेले असेल. दुसऱ्या प्रकरणी कंट्रोल व क्यू दाबताच प्रदान पुन्हा वाहू लागते. हे न ओळखता खिडकी बंद करणारे चांगले चालू असलेले काम स्वतःच्या हाताने मारतात.

टीमक्सची पट्टी मूळ रचनेत दर १५ सेकंदांनी नव्याने लिहिली जाते. यास्तव तीवरील कोणतीही मोजणी तेवढी जुनी असू शकते. पट्टीत एखादी बाहेरची आज्ञा बसवून तिचे उत्तर दाखविण्याची सोय आहे. पण टीमक्स त्या आज्ञेसाठी थांबून राहत नाही, मागच्या वेळचे उत्तर दाखवून पुढे जाते. आज्ञा संथ असेल तर उत्तर आणखी शिळे असते.

घड्याळ कोणाचे, हाही प्रश्न आहे. ते घरातील संगणकाचे नसून टीमक्स ज्या यंत्रावर चालू आहे त्याचे असते. भारतातील संस्थांच्या यंत्रांवर बहुधा भारतीय प्रमाणवेळ असते. परंतु भाड्याने घेतलेले मेघसर्व्हर पुष्कळदा जागतिक समन्वित वेळेवर चालतात. तेव्हा घड्याळ साडेपाच तास मागे दिसते, मिनिटांचा आकडाही अर्ध्या तासाने वेगळा असतो आणि पट्टीवरची तारीख आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत आदल्या दिवसाचीच राहते. धारिकांना तारखेवरून नावे देणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावे.

यंत्राची ओळख : सी-डॅक या संस्थेने पुणे येथे १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत परम ब्रह्म व २०२४ मध्ये जीएमआरटी या रेडिओ दूरदर्शक प्रकल्पासाठी परम रुद्र हे महासंगणक उभे राहिले. अशा महासंगणकांवर वापरणारा प्रथम एका प्रवेशयंत्रावर येतो. प्रत्यक्ष गणित तेथे करावयाचे नसते. काम रांगेत लावले जाते व पाळी आल्यावर गणनयंत्रांवर चालते. मल्टिप्लेक्सर प्रवेशयंत्रावर चालू असतो, म्हणून पट्टीवरील यंत्राचे नाव व भार हे दोन्ही प्रवेशयंत्राचे असतात. भार जवळजवळ शून्य दिसला म्हणून आपले काम बंद पडले असा निष्कर्ष काढणे, किंवा भार मोठा दिसला म्हणून आपले काम जोरात चालले आहे असे समजणे, दोन्ही निराधार होत. कामाची खबर रांग सांभाळणाऱ्या प्रणालीलाच विचारावी लागते.

प्रवेशयंत्रे अनेक असल्यास आणखी एक अडचण संभवते. असोद्याहून जोडलेला विद्यार्थी सकाळी एका प्रवेशयंत्रावर सत्र उघडतो, जोडणी तुटते, आणि सायंकाळी तोच पत्ता देऊन तो आत येतो तेव्हा त्याला दुसरेच प्रवेशयंत्र मिळालेले असते. सत्रांची यादी मागितली तर ती रिकामी येते व सारे काम नाहीसे झाले असे वाटते. वस्तुतः सत्र पहिल्या यंत्रावर सुरक्षित असते. उजव्या टोकाचे यंत्रनाम सकाळीच टिपून ठेवले असते, तर थेट त्या यंत्रावर जाऊन सत्र पुन्हा जोडता आले असते. यंत्रच बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यास मात्र सत्र उरत नाही. जोडणी तुटणे व यंत्र बंद पडणे या निरनिराळ्या घटना होत. काही लिनक्स यंत्रांवर वापरणारा बाहेर पडताच त्याच्या सर्व प्रक्रिया संपविण्याची व्यवस्था केलेली असते, तेथेही सत्र टिकत नाही. सिस्टिमडी या व्यवस्थापक आज्ञावलीच्या २०१६ मधील एका आवृत्तीने ही व्यवस्था मूळ रचनेतच चालू केल्यामुळे मोठा वाद झाला होता.

एका टीमक्समधून दूरच्या यंत्रावर जाऊन तेथेही टीमक्स चालविल्यास तळाशी दोन पट्ट्या एकावर एक दिसतात. खालची पट्टी बाहेरच्या, म्हणजे आधी सुरू केलेल्या टीमक्सची व वरची आतल्याची असते. आज्ञेची पूर्वकळ (कंट्रोल व बी) एकदा दाबल्यास ती बाहेरचा टीमक्स घेतो. आतल्याकडे पोचविण्यासाठी ती दोनदा दाबावी लागते. दोन पट्ट्यांचे रंग निराळे ठेवणे सोयीचे असते.

पट्टी जे दाखवीत नाही : पूर्वकळ दाबून टीमक्स पुढील कळीची वाट पाहत असल्याची खूण मूळ पट्टीत नसते. मागील मजकूर चाळण्याच्या अवस्थेची खूण पट्टीत नव्हे, तर तावदानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चौकटी कंसातील दोन संख्यांच्या रूपाने येते. ती असताना नवे प्रदान डोळ्यांसमोर येत नाही. सर्वांत गंभीर उणीव समकालिक तावदानांची आहे. या अवस्थेत एका तावदानात टंकलेली आज्ञा त्या खिडकीतील सर्व तावदानांत एकाच वेळी जाते. दहा यंत्रांवर एकच दुरुस्ती करण्यास ही सोय उत्तम; पण ती बंद करावयाची राहिली आणि धारिका पुसण्याची आज्ञा दिली, तर दहाही यंत्रांवरील धारिका जातात. मूळ पट्टीत या अवस्थेचे कोणतेही चिन्ह नाही. ते मांडणीच्या धारिकेत स्वतः बसवावे लागते व ठळक लाल रंगात बसवावे हे उचित. 

यंत्रभाराची दर्शके : ब्योबूच्या पट्टीवर यंत्र किती काळ चालू आहे, स्मृतीचा वापर, थकलेल्या सुधारणांची संख्या, पुन्हा सुरू करण्याची गरज इत्यादी बातम्या येतात. त्यांत सरासरी भार ही संख्या वारंवार चुकीची वाचली जाते. ती टक्केवारी नव्हे. चालू असलेल्या व पाळीची वाट पाहणाऱ्या प्रक्रियांची ती सरासरी संख्या असून लिनक्समध्ये चकतीची वाट पाहत अडकलेल्या प्रक्रियाही तीत धरतात. चार गाभ्यांच्या यंत्रावर चार हा भार पूर्ण उपयोगाचा, तर चौसष्ट गाभ्यांच्या यंत्रावर तोच क्षुल्लक.

देवनागरी मजकूर : टर्मिनलाचा पडदा सारख्या रुंदीच्या घरांचा बनलेला असतो व प्रत्येक अक्षराला एक घर ही कल्पना रोमन लिपीवरून आलेली आहे. देवनागरीत ती लागू पडत नाही. सत्राला ‘असोदा’ असे नाव दिले, तर वाचणाऱ्यास तीन अक्षरे दिसतात. युनिकोड संकेतावलीत मात्र अ, स, ओकाराची मात्रा, द व काना अशी पाच चिन्हे असतात. त्यांना किती घरे द्यावयाची याविषयी मल्टिप्लेक्सर, टर्मिनल व टंक यांची मोजणी एकसारखी असेलच असे नाही. ती जुळली नाही की पट्टीवरील पुढचा मजकूर सरकतो, तारका भलत्याच नावाशेजारी दिसू लागते किंवा उजव्या टोकाचे घड्याळ अर्धवट कापले जाते. दोष लिपीचा नसून घरांच्या मोजणीचा आहे. परंतु जोपर्यंत वापरातील टर्मिनलावर ती मोजणी तपासून पाहिलेली नाही, तोपर्यंत सत्रांची व खिडक्यांची नावे रोमन लिपीत व आखूड ठेवावीत आणि देवनागरी मजकूर तावदानाच्या आत ठेवावा, हे व्यवहार्य ठरते. तावदानात ओळ थोडी सरकली तरी ती वाचता येते; पट्टीवर मात्र एका घराच्या सरकण्याने चिन्ह कोणत्या खिडकीचे हेच कळेनासे होते.